मात्रा आणि मुहूर्त
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ हे पुष्प गुंफलं जातं, त्यांच्या हातून या सभागृहातल्या कितीतरी जणांचा जन्म झाला आहे. म्हणून आजचा विषय मी गर्भापासून सुरू करणार आहे. पत्रिकेत ‘रोजच्या वापरातली रसायनं आणि कॅन्सर’ असं छापलंय. ते वाचून कुणी शाम्पू, डबे, बाटल्या यांची काळी यादी मिळेल म्हणून वही घेऊन आलं असेल, तर जरा थांबावं लागेल. यादी छोटी आहे आणि ती ओझरतीच येईल. आधी बॉस्टनला जाऊ.

१९६६ ते १९६९ या काळात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात एकामागून एक अशा सात तरुण मुली आल्या. त्यांना योनिमार्गाचा कॅन्सर होता आणि तोही ‘क्लिअर सेल’ जातीचा. मी आयुष्यभर पॅथॉलॉजी शिकवत आले. आमच्याकडे हा आजार विद्यार्थ्यांना पुस्तकातल्या चित्रावरच दाखवावा लागे, इतका तो दुर्मीळ. झालाच तर वय झालेल्या बाईला व्हायचा. इथे मात्र जेमतेम शाळा-कॉलेजच्या मुली. त्यांच्यातल्या एकीच्या आईनं डॉ. हॉवर्ड अल्फेल्डर यांना विचारलं, ‘ही पोटात असताना मी स्टिलबेस्ट्रॉल घेत होते. त्याचा तर संबंध नसेल?’ डॉक्टरांना तेव्हा तसं वाटलं नाही. कोणाला वाटेल? जन्माआधी घेतलेल्या गोळीचा हिशोब सतरा-अठरा वर्षांनी कोण मांडतो? पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढच्या पेशंटच्या आईला त्यांनी तोच उलट विचारला. उत्तर ‘हो’ आलं.

मग आर्थर हर्ब्स्ट, अल्फेल्डर आणि रोगप्रसारशास्त्राचे डेव्हिड पॉस्कॅन्झर यांनी दुसऱ्या हॉस्पिटलातली आणखी एक मुलगी धरून आठ जणींचा अभ्यास केला. प्रत्येकीमागे तुलनेसाठी त्याच सुमारास त्याच हॉस्पिटलात जन्मलेल्या चार निरोगी मुली घेतल्या. आठांपैकी सात आयांनी गर्भारपणात स्टिलबेस्ट्रॉल घेतलं होतं. बत्तीस निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनंही नाही. एप्रिल १९७१ मध्ये हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गर्भवतींना हे औषध देऊ नये असं डॉक्टरांना कळवलं. आठ पेशंट! आजकाल आठ लाखांच्या पाहण्या होतात आणि तरी निष्कर्ष डळमळतो.

हे औषध आलं कुठून? लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात चार्ल्स डॉड्स नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. अंडाशयातून स्रवणारं इस्ट्रोजेन तेव्हा जनावरांपासून काढावं लागे, महाग पडे, आणि तोंडावाटे दिलं तर फारसं चालत नसे. डॉड्सना प्रयोगशाळेत बनवता येईल असा स्वस्त पर्याय हवा होता. १९३८ मध्ये त्यांना तो सापडला. त्याचं पूर्ण नाव डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल. आपण डीईएस म्हणू. त्याच्या रेणूची ठेवण शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखी दिसत नाही, पण शरीर फसतं. डॉड्सनी पेटंट घेतलं नाही. त्यामुळे ज्या कंपनीला वाटलं तिनं ते बनवलं. विज्ञान सर्वांसाठी खुलं ठेवण्याच्या सद्‌हेतूचा असाही परिणाम होतो.

पुढे हार्वर्डच्या जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या दांपत्यानं मांडलं की गर्भपात टाळायला डीईएस उपयोगी पडतं. १९४७ पासून अमेरिकेत गर्भवतींना ते सर्रास मिळू लागलं. सुरुवातीला वारंवार गर्भपात होणाऱ्यांना, मग कुणालाही. १९५० च्या दशकातल्या एका जाहिरातीत सगळ्याच गर्भवतींना देण्याची शिफारस होती. बाळ मोठं आणि सशक्त होतं म्हणून. शिकागो विद्यापीठात विल्यम डिकमन यांनी सुमारे सोळाशे बायकांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना डीईएस, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. १९५३ मध्ये निकाल आला: काही उपयोग नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा दिसलं की उपयोग तर नाहीच, उलट अपाय होता. म्हणजे औषध निरुपयोगी आहे हे छापून आल्यावरही १८ वर्षं ते लिहून दिलं जात होतं. माझ्या मते या साऱ्या कहाणीत सर्वांत लाजिरवाणा काळ हाच. कॅन्सर होईल हे कुणाला ठाऊक नव्हतं, ते क्षम्य आहे. काम करत नाही हे ठाऊक होतं.

अमेरिकेत आया आणि मुलं मिळून ५० लाख ते १ कोटी लोकांपर्यंत डीईएस पोचलं असा अंदाज आहे. गर्भात असताना ज्या मुलींच्या शरीरात ते गेलं, त्यांच्यात हजारात साधारण एकीला तो क्लिअर सेल कॅन्सर झाला. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत, जननेंद्रियं घडत असताना औषध सुरू झालं असेल तर धोका जास्त. उरलेल्या ९९९ जणी सुटल्या म्हणावं, तर तसंही नाही. त्यांच्यात वंध्यत्व, गर्भपात, गर्भाशयाची वेडीवाकडी घडण हे प्रकार वाढलेले आढळले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत चाळिशीनंतर स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही १.८२ पट दिसला. गोळी आईनं घेतली होती आणि या मुली तिच्या पोटात होत्या, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

इथे आपल्या जुन्या समजुतीला धक्का बसतो. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससपासून विषशास्त्राचा एकच मंत्र चालत आला: विष ठरतं ते मात्रेवर. मंत्र खोटा नाही. मीठसुद्धा मूठभर खाल्लं तर जीव घेतं. पण संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या बाबतीत तो अपुरा पडतो. विरजणाचं बघा. पातेलंभर दुधाला चमचाभर पुरतं. उकळत्या दुधात घातलं तर वाया, फ्रीजमधल्या गार दुधात घातलं तरी वाया. दूध कोमट असताना घातलं की सकाळी सगळ्याचं दही. हार्मोन्स अशीच तुटपुंज्या प्रमाणात काम करतात. स्त्रीच्या रक्तातलं इस्ट्रोजेन मोजायचं एकक पिकोग्रॅम आहे, ग्रॅमचा एक लक्ष कोट्यांश. गर्भात अवयव घडताना, वयात येताना, पहिल्या गर्भारपणात स्तनांच्या पेशींची जुळवाजुळव होताना हा कोमटपणा असतो. तेव्हा नक्कल करणारा पाहुणा आत आला, तर त्याच मात्रेचा परिणाम एरवीपेक्षा वेगळा होतो, आणि तो दिसायला वीस, तीस, पन्नास वर्षं लागतात.

हार्मोन्सचा आणि कॅन्सरचा संबंध काही नवा नाही. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांची अंडाशयं काढली आणि काहींच्या गाठी आक्रसल्या. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी हार्मोन तोडून हाच प्रकार दाखवला. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे प्रोस्टेटच्या त्या उपचारांत बरीच वर्षं डीईएसच वापरलं गेलं. एकाच रेणूनं म्हाताऱ्या पुरुषाला चार वर्षं जास्त दिली आणि न जन्मलेल्या मुलीला कॅन्सर.

आता आपल्याकडे येऊ. साठीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवत असेल, पाठीवर पंप घेतलेली माणसं गावात यायची, घरातली भांडीकुंडी अंगणात काढायला लावायची, आणि भिंतींवर डीडीटी मारून दारावर तारीख टाकून जायची. भिंतींवर पांढरट डाग राहायचे. ढेकूण मेले म्हणून बाया खूश असायच्या. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर रुग्ण लाखभरावर आले. डीडीटीबद्दल बोलताना हे आधी सांगायलाच हवं, कारण ज्यांच्या घरात हिवतापानं कुणी गेलं नाही त्यांना शिव्या देणं सोपं जातं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला सरकारी कारखान्यात डीडीटी बनत असे. शेतीत त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला.

डीडीटीला इस्ट्रोजेनसारखे गुण आहेत हे पूर्वीच कळलं होतं. मग स्तनाच्या कॅन्सरशी संबंध आहे का? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या बायकांनी आंदोलन करून यावर मोठा सरकारी अभ्यास करून घेतला. २००२ मध्ये निकाल आला, संबंध दिसत नाही. विषय मिटला असं बहुतेकांनी धरलं. पण त्या अभ्यासात कॅन्सर झाल्यानंतर रक्त काढलं होतं. आज अंगात किती आहे हे त्यातून कळतं; दहाव्या वर्षी किती होतं हे कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९५९ ते १९६७ या काळात हजारो गर्भवतींचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. तेव्हा डीडीटी जोरात वापरात होतं. बार्बरा कोन यांनी ते रक्त बाहेर काढलं आणि त्यातल्या कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला ते पाहिलं. २००७ मध्ये त्यांनी १२९ रुग्णांचा अभ्यास मांडला. १९४५ मध्ये डीडीटी बाजारात आलं तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आतल्या होत्या, त्यांच्यात रक्तात डीडीटी जास्त असणाऱ्यांना कमी असणाऱ्यांच्या पाचपट धोका दिसला. ज्या तेव्हा चौदा किंवा त्याहून मोठ्या होत्या, त्यांच्यात काहीच नाही. एकच गाव, एकच रसायन. फरक फक्त वयाचा. २०१५ मध्ये कोन यांनी पुढची पिढी पाहिली: आईच्या रक्तात डीडीटी जास्त असलेल्या मुलींना बावन्न वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका जवळपास चौपट. हे अभ्यास लहान आहेत आणि मी त्यांना अंतिम शब्द म्हणणार नाही. पण लाँग आयलंडच्या ‘नाही’पेक्षा हा ‘हो’ मला जास्त पटतो, कारण इथे रक्त वेळेवर घेतलं होतं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये डीडीटीला ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात टाकलं.

आता कुणीतरी मनात म्हणत असेल, मुंबई-पुण्यात स्तनाचा कॅन्सर वाढला तो असल्या रसायनांमुळेच, प्लॅस्टिकमुळेच. इथे मी आडवी येणार. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे, देशातली पहिली. बार्शीची १९८७ पासून, देशातली पहिली ग्रामीण. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की मुंबईत स्तनाचा कॅन्सर बार्शीपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. बार्शीकडे गर्भाशयमुखाचा वरचढ असायचा. या तफावतीचा मोठा भाग समजायला रसायनशास्त्र लागत नाही. बार्शीकडच्या बाईला पाळी उशिरा यायची, पहिलं मूल लवकर व्हायचं, मुलं जास्त, अंगावर पाजणं दीर्घ. प्रत्येक गोष्टीनं तिच्या स्वतःच्याच इस्ट्रोजेनचा स्तनांवरचा एकूण मारा कमी होत होता. इटलीतल्या रामाझ्झिनींनी १७१३ मध्येच लिहून ठेवलंय की स्तनाचा कॅन्सर जोगिणींच्या मठांत जास्त दिसतो. तिथे कुठलं प्लॅस्टिक होतं? आपल्या अंगातलं हार्मोन हाच पहिला आणि मोठा घटक. बाहेरून आलेली नक्कल त्यावर भर घालते. ती भर किती, हा खरा प्रश्न आहे, आणि ‘सगळं केमिकलमुळेच’ म्हणणाऱ्यानं तो सोडवलेला नसतो.

प्लॅस्टिककडे संशोधकांचं लक्ष गेलं तेही अपघातानं, आणि पुन्हा बॉस्टनमध्येच. टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवत. या पेशींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं. एक दिवस न घालताच त्या भराभर वाढायला लागल्या. बराच शोध घेतल्यावर संशय पेशी ठेवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर आला. उत्पादकानं प्लॅस्टिकचं मिश्रण बदललं होतं आणि त्यातून नोनिलफिनॉल पाझरत होतं. १९९१ मध्ये त्यांनी ते छापलं. या जातीची रसायनं पुढे डिटर्जंटमध्येही भरपूर सापडली.

आणि बीपीए. बिस्फिनॉल ए. कडक, काचेसारख्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा हा कच्चा माल. डबाबंद अन्नाच्या डब्यांच्या आतल्या लेपात हा असतो, एटीएम आणि दुकानांच्या गुळगुळीत पावत्यांवर असतो. आपल्या ऑफिसांतले आणि लग्नकार्यातले वीस लिटरचे निळे जार बहुधा याच प्लॅस्टिकचे. बीपीएमध्ये इस्ट्रोजेनचे गुण आहेत हे कोणी दाखवलं? चार्ल्स डॉड्सनीच, १९३६ मध्ये, डीईएसच्या दोन वर्षं आधी. औषध म्हणून दुबळं ठरलं म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं आणि दोन दशकांनी प्लॅस्टिक उद्योगानं उचललं. ज्या रेणूची पहिली ओळख ‘कृत्रिम हार्मोन’ अशी झाली होती, तो बाळाच्या दुधाच्या बाटलीत गेला.

बीपीएनं माणसाला कॅन्सर होतो का? सिद्ध झालेलं नाही. उंदरांत गर्भावस्थेत दिलेल्या मात्रेनं स्तनग्रंथींची घडण बदलते हे अनेकांनी दाखवलंय, पण उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. तज्ज्ञांतही एकमत नाही, आणि मतभेद किती टोकाचा आहे ते ऐका. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये रोजची सुसह्य मात्रा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली, शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर. त्यामागे कारण कॅन्सरचं नव्हतं, प्रतिकारशक्तीवरच्या परिणामांचं होतं. जर्मनीच्या सरकारी संस्थेनं ते मानलं नाही आणि त्याच्या हजारपट मर्यादा योग्य ठरवली. एवढा वाद असूनही युरोपीय संघानं डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांच्या संपर्कातल्या वस्तूंत बीपीएवर बंदी मंजूर केली. बाळांच्या बाटल्यांत ते तिथे २०११ पासूनच बंद आहे, आपल्याकडच्या मानकानं ते २०१५ मध्ये वर्ज्य केलं. मला ही घाई वाटत नाही. डीईएससारखा पुरावा हवा असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं की तो पुरावा औषधाच्या गोळीमुळे मिळाला: कुणी घेतली, केव्हा घेतली, याची नोंद होती, आणि झालेला आजार इतका दुर्मीळ होता की आठ जणीही पुरल्या. पावतीच्या कागदाची नोंद कोण ठेवतं? आणि स्तनाचा कॅन्सर तर एरवीही होतोच. त्यातले जास्तीचे कुठले हे बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसरी अडचण अशी की ‘बीपीए-फ्री’ लिहिलेल्या पुष्कळ वस्तूंत त्याचे सख्खे भाऊ असतात, बीपीएस आणि बीपीएफ. त्यांचीही इस्ट्रोजेनसारखी वागणूक दिसली आहे. लेबल बदलतं.

पार्लरमध्ये जाणाऱ्या तरुण मुली मागच्या रांगेत दिसतायत म्हणून एक सांगते. अमेरिकेतल्या ‘सिस्टर स्टडी’नं ३३ हजारांवर बायकांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेतला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा अंदाजी धोका १.६४ टक्के, वरचेवर वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हे २०२२ मध्ये आलं. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि शंभरातल्या शहाण्णव जणींना वापरूनही काही होत नाही. तरी माझी भाची विचारेल तर मी तिला ‘वर्षातून चारदा नको’ असं सांगेन.

आता ती यादी. गरम आमटी आणि चहा पातळ पिशवीत पार्सल आणू नका. त्या पॉलिथिनमध्ये बीपीए नसतं हे खरं, पण उकळत्या तेलकट पदार्थाला प्लॅस्टिकमधलं काही ना काही सुटतंच. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनी माती. ओरखडे पडलेले जुने पारदर्शक जार उन्हात ठेवू नका. घरात गर्भवती असेल तर हे थोडं कडकपणे पाळा. बस. आणि जो गृहस्थ तंबाखू मळता मळता बायकोला स्टीलचे डबे आणायला सांगतो, त्यानं आधी पुडी टाकावी. महाराष्ट्रात तंबाखू आणि मिश्रीनं जे कॅन्सर होतात, त्यांच्यापुढे आजच्या माझ्या व्याख्यानातली सगळी रसायनं मिळून किरकोळ ठरतील.

मात्र स्टीलचे डबे घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण गर्भाला डबा निवडता येत नाही. आपल्याला हवंय ओकलंडसारखं गोठवलेलं रक्त, आपल्या बायकांचं. ते अशक्य नाही. १९९३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. आठशेच्या आसपास गर्भारपणं, घरोघरी जाऊन घेतलेली मापं आणि नमुने. ती मुलं आज तिशीत आहेत आणि त्यांचा पाठपुरावा पुढे दशकानुदशकं चालला. वजनानं कमी पण अंगात चरबी जास्त, असं आपलं नवजात बाळ जगाला त्या गावांतून कळलं. तो अभ्यास मधुमेहासाठी होता, आणि कॅन्सरसाठी आठशे पुरत नाहीत. पन्नास हजार तरी लागतील. पण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनसाठी गर्भवतीचं रक्त आजही काढलंच जातं. त्यातला मिलिलिटरभर, तिला नीट समजावून, तिच्या संमतीनं, उणे ऐंशी अंशांवर ठेवायचा आणि तिच्या मुलीचं नाव पुढे कॅन्सर नोंदणीशी जोडायचं. अडचणी मला ठाऊक आहेत. वीज जाते, मुली लग्न होऊन जिल्हा बदलतात, आडनाव बदलतात, आणि तीस वर्षांनी फळ देणाऱ्या कामाला पाच वर्षांच्या योजनेत पैसे मिळत नाहीत. सभागृहात दोन-तीन जिल्हा परिषद सदस्य बसलेत असं कार्यकर्त्यांनी मला सांगितलंय. प्रश्नोत्तरांत पहिली पाळी त्यांची.